सगळ्या वर्गासाठी: चौदा फेब्रुवारीची कागदी भेट आणि आपला तिळगूळ



चौदा फेब्रुवारी म्हटलं की आपल्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे गुलाबाचा भाव वाढवून बसलेला फुलवाला, आणि दुसरी म्हणजे बागेतल्या जोडप्यांच्या मागे धावणारी मंडळी. १९९० नंतर घरोघरी केबल आली, भेटकार्डांची चकचकीत दुकानं आली आणि त्यांच्याबरोबर हा दिवस आपल्या गावांत शिरला तो प्रेमी युगुलांचा दिवस म्हणूनच. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी "हे आपलं नाही" म्हणून तिकडे पाठ फिरवली आणि विषय संपवला.

पण आता विषय पुन्हा घरात आलाय, आणि तो नातवंडांच्या दप्तरातून आलाय. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद, कुठलंही गाव घ्या, आपल्यापैकी कित्येकांची मुलं आज अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत. जानेवारी संपता संपता तिकडून फोन येतो, "आजी, वर्गातल्या सगळ्यांसाठी व्हॅलेंटाइन करायचेत, टीचरसाठी पण. तू येशील तेव्हा मदत करशील ना?" आजीला प्रश्न पडतो, अगं बाई, दुसरीतल्या पोराला कसलं आलंय व्हॅलेंटाइन?

मी इंदूरची. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. लेक न्यू जर्सीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मलाही पडला. मग सवयीप्रमाणे वाचत गेले, विचारत गेले. हाती लागलं ते असं की शाळेतला हा व्हॅलेंटाइन आपण समजतो तो नव्हेच. त्याचा इतिहास वेगळा आहे, आणि त्यातला खरा प्रश्न आपल्या संक्रांतीच्या तिळगुळालाही विचारावा असा आहे. प्रश्न साधा आहे. भेट वाटताना कोण राहून गेलं?

आधी पक्षी, मग हुंडा, मग एक लहान मुलगा

संत व्हॅलेंटाइन नावाचे एकाहून अधिक संत होऊन गेले, आणि त्यांच्या चरित्रात प्रेमपत्र वगैरे काही नाही. या दिवसाला प्रेमाशी जोडणारा जुना धागा सापडतो तो चॉसर या इंग्रज कवीच्या एका दीर्घकाव्यात. काळ साधारण १३८० च्या आसपासचा. त्यात व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळे पक्षी जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, फेब्रुवारी १४७७ मध्ये, नॉरफक परगण्यातल्या मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने आपल्या भावी नवऱ्याला, जॉन पास्टनला, पत्र लिहिलं. त्यात ती त्याला आपला व्हॅलेंटाइन म्हणते. इंग्रजीतलं हे सगळ्यात जुनं व्हॅलेंटाइन पत्र मानतात आणि ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. आता पत्रात काय आहे? हुंडा! वडील ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार नाहीत, आई समजावून थकली, आणि मुलगी लिहितेय की तुझं माझ्यावर खरंच प्रेम असेल तर एवढ्यावरून मला सोडणार नाहीस. पुढे त्यांचं लग्न झालं, पण वाचताना वाटतं की ही तर आपल्याच कुठल्या तरी आत्याची गोष्ट.

मला सगळ्यात आवडली ती तिसरी नोंद. लंडनच्या सॅम्युअल पेपिस या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १४ फेब्रुवारी १६६७. लंडन जळून गेलं त्याला जेमतेम सहा महिने झालेले. (आपल्याकडे त्याच्या आदल्या ऑगस्टात महाराज आग्र्याहून निसटले होते, म्हणजे काळ लक्षात येईल.) त्या सकाळी मर्सर कुटुंबातला छोटा विल पेपिसच्या बायकोपाशी आला. निळ्या कागदावर सोनेरी अक्षरांत त्याने तिचं नाव स्वतः लिहून आणलं होतं. त्या काळी असा मान होता की त्या सकाळी जो पुढे येईल, किंवा ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल, तो वर्षभराचा व्हॅलेंटाइन. पेपिस लिहितो की ते फार सुरेख होतं, आम्हा दोघांनाही आनंद झाला. आणि लगेच पुढे लिहितो की यंदा मीही बायकोचा व्हॅलेंटाइन आहे, त्यापायी मला पाच पौंड पडणार!

एकाच घरात, एकाच सकाळी, दोन भेटी. एक पाच पौंडांची आणि एक निळ्या कागदाची. साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याला कळतं ते त्या कागदाबद्दल. पाच पौंडांचं काय आलं ते त्या नोंदीत नाही.

टपाल स्वस्त झालं आणि कागदाला कंठ फुटला

घरी केलेला कागद हीच मग दीडदोनशे वर्षं या दिवसाची खरी भेट राहिली. एका चौकोनी कागदाला अशा घड्या घालायच्या की तो आपोआप बंद होईल, आणि एकेक घडी उलगडताना एकेक ओळ दिसेल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जर्मन शेतकरी वस्त्या होत्या, तिथे कागद दुमडून कात्रीने नक्षी कापायची रीत होती. आपल्याकडे मखराला जाळी कापतात ना, अगदी तसंच काम.

पण पाठवायचं कसं? इंग्लंडात टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागायचा. १० जानेवारी १८४० पासून देशभर एकच दर झाला, एक पेनी. त्याच वर्षी मे महिन्यात काळं पेनी तिकीट निघालं. व्हॅलेंटाइन पत्रांचा पूर आला तो त्यानंतर. आपल्याकडे ब्रिटिश मुलखात हेच १८५४ मध्ये झालं. हलक्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. संक्रांतीला लिफाफ्यात चार दाणे हलवा आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" छापलेलं चिमुकलं कार्ड घालून पाठवायची आपली रीत उभी राहिली ती अशाच स्वस्त टपालाच्या जिवावर. हलव्याचा टपालाच्या शिक्क्याखाली भुगा व्हायचा, तरी आम्ही बोट लावून चाटत होतो.

वुस्टरची एस्थर आणि बंदी मोडणाऱ्या मुली

अमेरिकेतली गोष्ट सुरू होते मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात. एस्थर हाउलंड, जन्म १८२८, वडिलांचं पुस्तकं आणि कागदाचं दुकान. १८४७ मध्ये ती माउंट होल्योक या मुलींच्या विद्यालयातून शिकून बाहेर पडली. तिला कुणाकडून तरी इंग्लंडात बनलेलं जाळीच्या कागदाचं व्हॅलेंटाइन मिळालं आणि तिला वाटलं, हे तर मी करीन! तिने वडिलांकरवी जाळीचा कागद, रंगीत कागद, छापील फुलं मागवली आणि नमुने केले. भाऊ दुकानाच्या मालाची विक्री करायला फिरायचा, त्याच्याकडे ते दिले. सांगतात की तिला दोनशे डॉलरच्या मागणीची आशा होती आणि भाऊ पाच हजारांची मागणी घेऊन परत आला.

मग तिने मैत्रिणींना बोलावलं. घराच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल मांडलं. एकीने कापायचं, दुसरीने रंगीत पाठ लावायची, तिसरीने फूल चिकटवायचं. पुढे सामानाची खोकी नमुन्यासकट बायकांच्या घरी जाऊ लागली आणि तयार होऊन परत येऊ लागली. आपल्याकडे पापड लाटायला पीठ घरी न्यायची पद्धत आठवते ना, त्यातलाच प्रकार. हा धंदा तिने तीसेक वर्षं चालवला आणि १८८१ च्या सुमारास, आजारी वडिलांची सेवा करण्यासाठी, त्याच गावच्या जॉर्ज व्हिटनीला विकला.

तिच्याच विद्यालयातली एक गंमत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८४८ मध्ये, तिथे एमिली डिकिन्सन शिकत होती, पुढे मोठी कवयित्री झाली ती. तिने भावाला लिहिलेल्या पत्रात आहे की मुख्य बाई मेरी लायन यांनी सभागृहात उभं राहून असल्या खुळचट चिठ्ठ्या पाठवायला बंदी केली. पण जुन्या मुली हुशार. बाईंचं मत त्यांना आधीच ठाऊक होतं, त्यांनी सुट्टीतच चिठ्ठ्या लिहून बाहेर देऊन ठेवल्या होत्या, आणि बंदीचा हुकूम निघायच्या आत दीडशेच्या आसपास रवाना झाल्या! मी शिक्षिका असूनही यात माझी सहानुभूती मुलींकडेच जाते, काय करणार.

शाळेतली पेटी

व्हिटनीने हातकाम कमी करून यंत्रं आणली. कार्डं स्वस्त झाली, पेनी-दोन पेनीला मिळू लागली, आणि गिऱ्हाईक बदललं. आता घेणारी होती शाळेतली मुलं. (व्हिटनीचा कारखाना १९४२ मध्ये, युद्धातल्या कागदटंचाईत बंद पडला.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्गावर्गांत एक पेटी दिसू लागली. बुटांच्या खोक्याला पांढरा-लाल कागद लावायचा, वर फट ठेवायची, आणि आठवडाभर मुलांनी त्यात एकमेकांच्या नावाची कार्डं टाकायची. चौदा तारखेला बाई पेटी उघडून नावं वाचत.

इथेच सगळी गोम आहे. ज्यांनी वर्ग सांभाळलाय त्यांना सांगायला नको. नावं मोठ्याने वाचली जातात तेव्हा प्रत्येक मूल मनात मोजत असतं. कुणाला वीस येतात, कुणाला तीन, आणि कुणा एकाला काहीच नाही. पैसेवाल्याचं कार्ड मोठं, दुसऱ्याचं वहीच्या पानाचं. त्यात आणखी एक वाईट चाल. एकोणिसाव्या शतकापासून टिंगलीची कार्डंही निघत, भडक रंगांची, निनावी पाठवायची. कुणाच्या नाकावर, कुणाच्या जाडीवर, आणि हो, शिक्षकांवरसुद्धा. त्यांना तिकडे 'व्हिनेगर व्हॅलेंटाइन' म्हणतात. म्हणजे तिळगुळाच्या दिवशी मुद्दाम कडू बोलायचं.

पेटी आतून रिकामी निघण्याचं दुःख सगळ्या अमेरिकेने पाहिलं ते १९७५ मध्ये. चार्ल्स शुल्झच्या कॉमिकमधला चार्ली ब्राउन त्या जानेवारीत टीव्हीवरच्या एका खास कार्यक्रमात, येणारी कार्डं भरून न्यायला चक्क ब्रीफकेस घेऊन शाळेत जातो. त्याला एकही येत नाही. कार्यक्रम पाहून देशभरातल्या मुलांनी त्याच्यासाठी खरी खरी कार्डं पाठवली. चित्रातल्या मुलाला! पोरांना कळतं हो, मोठ्यांना वेळ लागतो.

हळूहळू शाळांनाही कळलं. आज तिकडच्या बऱ्याच प्राथमिक शाळांत साधा नियम असतो की आणाल तर सगळ्यांसाठी आणा. फेब्रुवारी लागला की वर्गातल्या नावांची यादी घरी येते. लहान वर्गांना तर सांगतात की कुणाचंही नाव लिहू नका, फक्त स्वतःचं लिहा, म्हणजे वाटताना घोळ नाही आणि निवडानिवडही नाही. प्रेमिकांचा दिवस पहिली-दुसरीच्या दारात आला आणि त्याचा मैत्रीचा दिवस झाला. फिनलंडमध्ये तर या दिवसाचं नावच मित्रदिन असं आहे.

आपला डबा

आता आपल्याकडे वळू. स्वस्त भेट, घरी केलेली, सगळ्या वर्गासाठी आणि गुरुजींसाठी, हे आपल्याला नवं आहे का? अजिबात नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन व्हायचं. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, आणि दसऱ्याला आपट्याचं पान बाईंच्या हातावर ठेवून पाया पडायचं. झाडाचं एक पान, त्याला सोनं म्हणायचं! ग्वाल्हेरला मांढरेच्या मातेपाशी शिंदे घराण्याच्या शमीपूजनात पानं लुटायला अजून गर्दी होते. किंमत शून्य आणि मान सोन्याचा.

मग संक्रांत. आमच्या लहानपणी इंदूरला शाळेत पितळेचा डबा न्यायचा. आई बजावायची, "सगळ्यांना दे हं, मोजून नेलाय." वर्गात निम्मी मुलं हिंदीभाषक. काटेरी हलवा म्हटलं की ती हसायची, कारण त्यांचा हलवा म्हणजे आपला शिरा. "ये कैसा हलवा, यार?" म्हणत खिसे भरून घ्यायची मात्र सगळी. ग्वाल्हेरकडे तिळाच्या वडीशेजारी मुरैन्याची गजक बसते. वडोदऱ्याला त्या दिवशी सगळं गाव गच्चीवर पतंग उडवत असतं, तिळगूळ गच्चीवरच वाटायचा. बेळगावला माझी नणंद दिलीय, ती सांगते की वर्गात कानडी मुली एळ्ळु-बेल्ल आणायच्या. तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि डाळं यांचं मिश्रण. आणि देताना त्यांच्या भाषेत म्हणायच्या तेही तेच, तीळगूळ खा आणि चांगलं बोला. ज्या गावात भाषेवरून मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या, त्याच गावात दोन भाषांत एकच वाक्य एकाच दिवशी बोललं जात होतं. हे कुणी इतिहासाच्या पुस्तकात लिहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि वाण लुटणं. कंगवा, सुपली, चमचा, साबणाची वडी, काहीही स्वस्तातलं. येईल तिला द्यायचं. तिकडचा दिवस आणि आपला हंगाम किती जवळ येतात पाहा. २०१६ मध्ये रथसप्तमी बरोबर १४ फेब्रुवारीला होती, आणि २०२४ मध्ये त्याच तारखेला वसंतपंचमी.

पण खरं लिहायचं तर पूर्ण लिहावं. "येईल तिला" म्हणताना आपणही सगळ्यांना म्हणत नव्हतो. आमच्या वाड्यात एक काकू होत्या, तिशीत वैधव्य आलेल्या. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी त्या आतल्या खोलीत खिरापत करायच्या, डाळ वाटायच्या, पन्हं गाळायच्या. बाहेर बायकांचा कलकलाट, अत्तर, गजरे. वाण मात्र त्यांच्या हातावर कधी पडलं नाही. माझ्या आईने एका वर्षी आत जाऊन त्यांच्या ओट्यावर वाणाचा चमचा ठेवला, काही न बोलता. सासूबाई दोन दिवस आईशी बोलल्या नाहीत. चार्ली ब्राउनची रिकामी ब्रीफकेस पाहिली तेव्हा मला त्या काकूंचा ओटा आठवला. तिकडे यादी करून प्रश्न सोडवला. आपण आता कुठे काही घरांत, काही मंडळांत तो सोडवायला लागलोय.

तीळ चालत नाही!

लेकीकडे गेले तेव्हा पहिला विचार साहजिकच हाच केला की नातवाच्या वर्गात तिळाच्या वड्या द्याव्यात. लेकीने आधी शाळेला विचारलं. उत्तर आलं, नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा अधिकृतपणे नववा मोठा ॲलर्जीकारक पदार्थ आहे. दूध, अंडी, शेंगदाणे वगैरे आठ आधीचे. पाकिटबंद पदार्थांवर तिळाचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो, आणि बऱ्याच वर्गांत घरचं खाणं चालतच नाही. ज्या दाण्यावर आपली सगळी संक्रांत उभी, तोच दाणा एखाद्या लेकराचा श्वास कोंडू शकतो. नियम पटला. सगळ्यांना द्यायचं म्हणजे जे सगळ्यांना चालेल तेच द्यायचं.

मग काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरं. यादीत २३ नावं होती.

साहित्य: लाल आणि गुलाबी कार्डशीटचे थोडे ताव, जुन्या लग्नपत्रिका (मी इथून मुद्दाम नेल्या होत्या, सोनेरी गणपती असलेला भाग बाजूला काढून), उरलेली लोकर, गोंद आणि बोथट टोकाची कात्री. लग्नपत्रिकेचा कागद जाड आणि चमकदार असतो, दिवाळीची भेटकार्डं आम्ही शाळेत त्याचीच करायचो. घरात मैदा असेल तर गोंदाचीही गरज नाही, पाण्यात शिजवलेली खळ उत्तम चिकटते.

कृती: कागद मधोमध दुमडायचा आणि घडीच्या बाजूला अर्धं बदाम काढायचं. घडी न सोडता कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. लहान मुलांना हे एकदा दाखवलं की जादूच वाटते. बदाम लांबट पट्टीच्या टोकाला चिकटवायचं, खाली भोक पाडून लोकरीचं गोंड्याचं शेपूट. झाली पुस्तकात ठेवायची खूणपट्टी. खायचं नाही, तुटायचं नाही, मुलगा-मुलगी असा भेद नाही.

पट्टीवर काय लिहायचं यावर आमची चर्चा झाली. तिकडे कोट्या फार चालतात. मधमाशीचं चित्र काढून 'बी माइन' लिहितात, कारण मधमाशीला इंग्रजीत बी म्हणतात. नातवाला ते हवं होतं. मी म्हटलं, एका बाजूला तुझी माशी, दुसऱ्या बाजूला माझं वाक्य. त्याने विचारलं, "गोड बोला म्हणजे काय गं? स्वीट स्पीक?" मी म्हटलं, "म्हणजे भांडण झालं असेल तरी आज बोलायचं." तो जरा थांबला, मग यादीतल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाला, "याच्याशी पण?" मी म्हटलं, "त्याच्याशी तर आधी." तेवीसच्या तेवीस पट्ट्यांवर त्याने आपल्या हाताने देवनागरीत "गोड बोला" काढलं, पहिल्या दहांत ड उलटा. रोज चार-पाच, आठवडाभर. एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट धरू नये, पोरं कंटाळतात आणि मग आई-आजीच कापत बसतात. मुलाचं वेडंवाकडं बदाम सरळ करायचा मोह तर टाळाच. विलच्या निळ्या कागदाचं कौतुक झालं ते त्याने स्वतः केला होता म्हणूनच.

बाईंना काय द्यावं?

शेवटी शिक्षकांबद्दल. हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतेय.

माझ्या नोकरीच्या काळात शिक्षकदिनाच्या भेटी हळूहळू महाग होत गेल्या. फूल, मग पेन, मग पेनाचा डबीबंद सेट, मग घड्याळ. एका पाच सप्टेंबरला वर्गातली एक हुशार मुलगी गैरहजर. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, ताप होता. तिची धाकटी बहीण दुसऱ्या वर्गात होती, ती म्हणाली, "ताप नव्हता मॅडम, गिफ्ट नव्हतं." पुढच्या वर्षीपासून मी सप्टेंबर लागताच वर्गात सांगू लागले की मला फक्त वहीचा अर्धा कागद हवा, आणि त्यावर लिहायचं की यंदा तुला माझ्या तासाला कुठली गोष्ट समजली. विकतचं काही आणलं तर परत. पालकांपैकी दोघं-तिघं नाराज झाले. पण त्या दिवशी पुन्हा कुणाला ताप आला नाही.

त्या घड्याळांपैकी एकही आज माझ्याकडे चालत नाही. ते अर्धे कागद मात्र एका फायलीत आहेत. एकावर लिहिलंय की भागाकारात बाकी का उरते ते मला आता कळलं. दुसऱ्यावर नुसतं एक झाड काढलंय आणि खाली "मॅडम". तेव्हा आयांनो, शिक्षकांसाठी कपबशी आणि मेणबत्ती शोधत फिरू नका. मुलाला बसवा, एक खरं वाक्य लिहू द्या, खाली त्याचं नाव. भाषा कुठलीही असो.

मंडळी, सण उचलताना आपण नेहमी विचारतो की हा आपला का परका. बाहेरगावी तीन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना खरं तर माहीत आहे की बहुतेक गोष्टी वाटेतच आपल्या होतात. मी मात्र आता दुसरा प्रश्न आधी विचारते. यादीत सगळी नावं आहेत का? तिळगूळ असो, वाण असो, आपट्याचं पान असो की लाल कागदाचं बदाम.

तुमच्या घरी जुनी संक्रांतीची कार्डं, शाळेतल्या पाटीपूजनाच्या आठवणी, किंवा नातवंडांबरोबर केलेली अशी एखादी भेट असेल तर जरूर लिहा. गावाचं नाव आणि साधारण साल टाकायला विसरू नका, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.